मूठभर बाजरी आणि माहेर भाजणीची चक्की

॥ श्री विघ्नहर प्रसन्न ॥

जे आलं तेच देता येतं, म्हणून माझ्याकडे काय आलं आणि त्याला काय पडलं ते आधी लिहिते.

फेब्रुवारी १९९८ : दगडाची चक्की, मोटरीसह, रुपये एकोणीस हजार चारशे. टेम्पोभाडं साडेतीनशे. बसवणावळ काही नाही, ओतूरच्या सलीम मिस्त्रींनी घेतली नाही.
मार्च १९९८ : भाजायची लोखंडी कढई, नऊशे. लांब दांड्याचं उलथनं, साठ.
मे १९९८ : रस्त्याकडेची पत्र्याची खोली, दहा बाय बारा, बावीस हजार. विटा घरच्या.
जून १९९९ : पिशवीचं तोंड चिकटवायचं यंत्र, साडेआठशे. वजनकाटा, सातशे दहा.

मी, गंगाभागीरथी प्रयागबाई सावळाराम काकडे, वय वर्षे सदुसष्ट, जुनी मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार पिंपळवंडी, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, ओझरच्या गणपतीला स्मरून हे लिहून ठेवते. गेल्या चतुर्थीला पायऱ्या चढताना छातीत धरलं. डॉक्टर म्हणाले, जपा. डोकं ठिकाणावर आहे; कालच सोसायटीच्या हिशेबातली दोन रुपयांची चूक मी काढून दिली. मला कोणी शिकवलेलं नाही, की धाक घातलेला नाही.

हा कागद जुन्नरला नोंदवण्याआधी एका बाईचं उत्तर यायला हवं. ती रहिमाबी, सलीम मिस्त्रींची बायको, राहणार ओतूर. तिच्या उत्तरावर चक्की आणि खोली कोणाची हे ठरेल. एक नक्कल तिला टपालाने जाते आहे.

कलम एक. राहतं घर आणि विहिरीजवळची वीस गुंठे जमीन, जी यजमानांच्या मागे माझ्या नावावर आली, ती मुलगा भरत याने घ्यावी. देवघरातले देव सुनेने न्यावेत. चिंचवडच्या फ्लॅटमध्ये जागा कमी आहे हे मी पाहिलं आहे, पण टीव्हीच्या वर ठेवू नयेत.

कलम दोन. पोस्टातली ठेव नात आरोही हिच्या शिक्षणाला. माझ्या हिशेबाच्या वह्याही तिलाच. रद्दीत घालू नयेत. मागची पानं कोरी आहेत.

कलम तीन. चुलतदीर संपत भाऊजी यांनी २००१ साली शिडी नेली, ती आणून द्यावी म्हणजे झालं. आम्ही बारा जणी बचत गटाचा ठराव घेऊन बँकेत निघालो तेव्हा ते पारावरून ओरडले होते, "काय वहिनी, बँक लुटायला चालला काय?" तेही मी सोडून दिलं आहे. शिडी मात्र सोडलेली नाही.

कलम चार. पाटल्या. त्या आता माझ्याकडे नाहीत, त्यामुळे शोधू नयेत. बँकेतले साहेब म्हणाले, गट अजून नवा आहे, सहा महिने बचत दाखवा, मग कर्जाचं बघू. पण चक्की तेव्हाच हवी होती, सहा महिने थांबलो असतो तर श्रावण हातचा गेला असता. मी पाटल्या गहाण टाकायचं म्हटलं तर यजमान म्हणाले, "टाक. हात मोकळे राहतील, दळायला बरं." पुढे बँकेनेही दिलं, दोन वेळा दिलं, दोन्ही वेळा मुदतीआधी फिटलं. पाटल्या सोडवल्या त्या भरतच्या डिप्लोम्याच्या फीला विकल्या. भरत, तू दिवाळीला आलास तेव्हा म्हणालास, "आई, ते डबडं भंगारात घाल. खोली मोबाईलच्या दुकानाला दिली तर महिना दोन हजार येतील." त्या डबड्याकडे जरा मान राखून बघ.

कलम पाच. हे कलम लांब आहे आणि मला जड जातं आहे.

चक्की माझ्या नावावर असली तरी ती बारा जणींची आहे, आणि तिच्यावर जे चाललं ते रहिमाबीच्या हातामुळे. चक्की बसवायला सलीम मिस्त्री आले, तेव्हा ती डबा घेऊन आली होती. मी राजगिरा भाजत होते. ती दारातूनच म्हणाली, "अक्का, जाळ कमी करा. वास पुढं गेला न् दाना मागं राहिला." मी तिला आत घेतलं. त्या दिवसापासून कढईजवळ तीच बसली. ओतूरहून आळेफाट्याला एसटी बदलून यायची, आणि आमच्या साळुबाईच्या आधी पोचायची. साळुबाईचं घर समोर आहे.

उपवासाची भाजणी हा आमचा मुख्य माल. राजगिरा, साबुदाणा, जिरं आणि आंबेगावच्या डोंगरातली वरई. ती वरई तिकडच्या बाया व्यापाऱ्याला मातीमोल द्यायच्या. आम्ही किलोमागे दीड रुपया जास्त दिला आणि रोख दिला. पहिला माल कपर्दिकेश्वराच्या यात्रेत श्रावणी सोमवारी विकला, वर्तमानपत्राच्या पुड्यांत. मग पंचायत समितीने जुन्नरला तीन दिवसांचं शिक्षण ठेवलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, पुडीला नाव पाहिजे. कोणी देवाचं सुचवलं, कोणी गावाचं. रहिमाबी म्हणाली, "पुन्यात सासरी गेलेल्या पोरींना काय पायजे असतं? म्हायेर. तेच लिवा." माहेर भाजणी हे नाव तिचं आहे. त्याच नावावर पुण्याच्या प्रदर्शनात एका दुकानदाराने महिन्याला साठ किलो ठरवली. आमच्यापैकी निम्म्या जणींनी तोवर पुणं पाहिलं नव्हतं.

१९९९ च्या आषाढीनंतर दुकानदाराचं पत्र आलं. एका गिऱ्हाइकाच्या पुडीत बाजरीचे सबंध दाणे निघाले, म्हातारीचा एकादशीचा उपवास मोडला, चाळीस पुड्या परत पाठवत आहे, चूक कोणाची ते कळवा. गटाची बैठक बसली. साळुबाई म्हणाली, "आक्का, सकाळी पयली घानी कोन टाकतं? रहिमाबीच ना?" रहिमाबी म्हणाली, "मी टाकते. पर बाजरी माज्या हातात कदी आलीच न्हाई." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी अध्यक्ष, मी मॅट्रिक. मी म्हणाले, "रहिमा, तुला आमच्या उपवासाचं काय कळणार?"

ती उठली. पदराला हात पुसले. म्हणाली, "अक्का, म्हैनाभर मी पानी न पिता रोजे धरते, आन् रोजे धरून तुमची भाजनी भाजलीय. चव न बघता, नुसत्या वासावर. उपास काय असतो ते मला इचारताय?" उलथनं कढईवर आडवं ठेवलं आणि एसटीला निघून गेली. त्या महिन्याची मजुरीही घेतली नाही. मी मनिऑर्डर केली, ती परत आली.

दुकानदाराला मी उत्तर लिहिलं. नक्कल वहीत आहे. त्यात वाक्य आहे : "संबंधित बाईस कामावरून दूर केले आहे." अक्षर फार सुरेख आलं आहे.

आता खरं. माझ्या आईने मला शिकवलं होतं की जात्याचं तोंड रिकामं ठेवून घर झाकायचं नाही. दुसऱ्या दिवसाचं दळण तोंडात असावं. जातं गेलं, चक्की आली, सवय राहिली. रोज संध्याकाळी चक्की झाडून झाली की मी डब्यातली मूठभर बाजरी वरच्या पेटीत टाकायचे आणि हात जोडायचे. कोणाला सांगितलं नव्हतं. देवाचं म्हणून केलेलं सांगायचं कशाला? सकाळी रहिमाबी त्यावरच भाजलेला माल ओतायची. चक्की सुरू होताना दगड सैल असतात, पहिले दाणे सबंध खाली येतात, आणि भाजणी आम्ही चाळत नाही, जाडसरच भरतो. त्या वर्षी दिवाळीच्या अमावास्येला चक्कीची पूजा करून मूठ टाकली, आणि हात तसाच वर राहिला. तेव्हा कळलं.

चार महिन्यांचीच गोष्ट होती. त्याच दिवशी ओतूर गाठता आलं असतं. मी काय केलं? दुसऱ्या दिवसापासून मूठ बाजरीऐवजी वरईची टाकू लागले. साळुबाईने एकदा पाहिलं. "आक्का, ह्ये काय नवीन?" मी म्हणाले, "वरई सोवळी असते." ते खोटं होतं. नऊ वर्षं मी रोज संध्याकाळी वरई टाकली, हात जोडले, आणि देवाने ऐकावं पण काही बोलू नये अशी अपेक्षा धरली.

बाजरी मी टाकली होती. रहिमाबीचा काही दोष नव्हता. दुकानदाराला लिहिलेलं ते वाक्य मी या कागदाने रद्द करते. त्यांनाही तसं वेगळं पत्र आज टाकलं आहे.

कलम सहा. रहिमाबी गेल्यापासून भाजणीला ती चव नाही. मी भाजते तर करपते, साळुबाई भाजते तर कच्ची राहते, आणि आम्ही दोघी एकमेकींना छान झाली म्हणतो. दुकानदाराने गेल्या महिन्यात कळवलं आहे की या आषाढीचा माल शेवटचा बघू, नाहीतर दुसरीकडून घेऊ. तो माल गेला नाही तर बारा जणींचं काम बंद, आणि डोंगरातल्या बाया पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात.

म्हणून असं ठरवते. रहिमाबी परत येऊन नव्या दोघींना भाजायला शिकवणार असेल, तर माझ्या मागे चक्की, खोली आणि सामान गटाचं व्हावं. गटाची अध्यक्ष ती असावी, आणि माहेर या नावाच्या नफ्यातला चौथा हिस्सा ती असेतो तिचा, ती गेल्यावर तिच्या मुलीचा, हुदाचा, राहावा. कोणी हरकत घेतली तर त्यांना कलम पाच वाचून दाखवावं. ती येणार नसेल, तर चक्की विकून पैसे बारा जणींत आणि तिच्यात मिळून तेरा ठिकाणी वाटावेत, आणि खोली भरतने घ्यावी. मग तिथे मोबाईल विकले तरी माझं म्हणणं नाही.

कलम सात. लांब दांड्याचं उलथनं कोणत्याही परिस्थितीत रहिमाबीचं. नऊ वर्षांत ते दुसऱ्या कोणाच्या हाताला बसलं नाही.

कलम आठ. कलम पाच माझ्या मागे वाचायचं, असं आधी लिहिलं होतं. मग खोडलं. मी नसताना माफी मागायची म्हणजे पुन्हा पुढचं ऐकायची वेळ चुकवायची. तेव्हा शुक्रवार ता. १६ मे रोजी गटाच्या बैठकीत मीच ते उभी राहून वाचणार आहे. रहिमाबीचं उत्तर हो असो वा नाही, वाचणार आहे.

कलम नऊ. तेराव्याला जेवणावळ घालू नये. त्या पैशांची वरई घ्यावी.

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, दोघा साक्षीदारांसमोर वाचला आणि सही केली.

ठिकाण : पिंपळवंडी
ता. ५ मे २००८, सोमवार

सही : प्रयागबाई सावळाराम काकडे

साक्षीदार :
१. चांगदेव विठोबा गडगे, निवृत्त शिक्षक, पिंपळवंडी. (सही)
२. सोनीबाई किसन वाघ, सभासद, बचत गट. (सही. ती मी तिला १९९८ साली शिकवली.)

रहिमाबीच्या नकलेवर ता.क. :

रहिमा, सोबत जोडकार्ड आहे. एका अंगावर मी माझा पत्ता घातला आहे, तुला खर्च नाही. एसटीने मीच यायला हवं होतं. आळेफाट्यापर्यंत दोनदा आले आणि परत फिरले. हुदाकडून लिहवलंस तरी चालेल. "येते" किंवा "येत नाही", एवढंच पुरे. बाकी जागा शिव्यांना वापर, कार्ड वाया जायला नको. बैठकीच्या दिवशी सकाळी कढई तापवून ठेवते, जाळ कमी. उलट टपाली कळव.