तलवारवालीचा कार्टून सिनेमा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही.

आपल्या रिठद गावात केबल तुमची. सीडीचं मशीन आपल्या पुढच्या खोलीत, डिश मात्र शेजारच्या काकांच्या गच्चीवर. हिंदीत आणलेल्या दोन परदेशी मालिका अख्खं गाव बघायचं: एक देवांच्या राजाच्या पहिलवान पोराची, दुसरी तलवारवाल्या बाईची. मग तुम्ही वाशीमहून एक सीडी आणली. कार्टून सिनेमा, आणि त्यात ते दोघं एकत्र. कुठलीही सीडी तुम्ही आधी स्वतः पूर्ण बघायचात, मगच गावाला दाखवायचात. ही बघताना तुम्ही मांडीवर थाप मारून हसत होता. "काय बाई हाय वं! पहिलवानाले सोडवून राह्यली," असं आईला सांगत होता.

रविवारी तुम्हीच ती लावली. मी पाचवीत. पहिलवान साखळदंडात अडकलाय, तलवारवाली एकटी स्वर्गात चढते आणि देवांच्या राजाला लाथ घालते. तेवढ्यात काका दारात.

"काहून रे, बाईच्या लाथेनं देव पाडून राह्यला? उतरवू का डिश?"

तुम्ही सिनेमा बंद केला. तेवढंच केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. आपलं पोट त्या डिशवर होतं. पण तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलं. "या पोट्टीनं लावली, काका. मले तं मालूमच नाही." आणि ते खरं वाटावं म्हणून माझ्या थोबाडीत मारली. "कोणाले इचारून लावली वं?"

संध्याकाळी मी विचारलं, "बाबा, शेवटी काय होते?"

"काई नाई होत. जेव."

त्यानंतर तुम्ही होता तोवर मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले.

मागच्या महिन्यात घरातली पहिली पदवीधर म्हणून गावानं माझा सत्कार केला. शाल काकांनीच दिली. माईकवर म्हणाले, "हेच ते पोट्टी बरं, देवाले लाथ खाऊ घालणारी! पाहा, किती शिकली!" लोक हसले. मी माईक घेतला. म्हटलं, "ती सीडी माझ्या बाबांनी लावली होती. त्यांना आवडली होती." मग कोणी हसलं नाही.

घरी येताना आई चिडली. "मेल्या माणसाले कायले उघडं पाडलं?"

"जित्ते होते तवा त्याइनं मले पाडलं, ते?"

ती भराभर पुढे चालायला लागली. हे पत्र मी तिलाही दाखवणार नाही.

परवा तो सिनेमा मोबाईलवर शोधून पूर्ण बघितला. साधारणच आहे, बाबा. चित्रं ओबडधोबड, गाणी नकोशी. शेवटी देवांचा राजा खाली येतो आणि आपल्या पोराची माफी मागतो. तेवढा भाग मात्र मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला.