मदतीच्या रकान्यातलं कर्ज

मी, खाली सही करणारी, दातांच्या कवळ्या बनवणारी, वय वर्षं बहात्तर, लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे, चष्मा लावला की दिसतं, आणि माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. सून शेजारच्या खोलीत आहे, पण दार लावलेलं आहे. वकिलांनी एक मसुदा करून दिला होता. तो बिनचूक होता, पण कुणाचाही असू शकला असता, म्हणून हा मी माझ्या हाताने लिहिते आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी सगळं यजमानांना दिलं होतं आणि ते माझ्याआधी गेले.

कलम एक, घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची कामाची खोली, हे सर्व थोरली लेक आणि धाकटा मुलगा यांना निम्मं निम्मं. विकायचं झाल्यास दोघांनी मिळून विकावं. कामाच्या खोलीतल्या फरशीवरचे प्लास्टरचे डाग निघत नाहीत, हे घेणाऱ्याला आधीच सांगावं.

कलम दोन, अवजारं. पॉलिशचं यंत्र, मेणाचा दिवा, पक्कडी आणि कानशी माझ्या कामातल्या भागीदारणीला. ती सगळी तिने आधीच नेलेली आहेत. मागायला कुणी जाऊ नये.

कलम तीन, बचत. इथे कारण द्यावं लागेल, नाहीतर मुलगा म्हणेल की आईने पक्षपात केला. केलाच आहे.

थोरली शाळा संपवून एका नावाजलेल्या कॉलेजात आर्किटेक्ट व्हायला गेली. तिला शाळा बांधायच्या होत्या. कॉलेजने फीमध्ये थोडी सूट दिली, बाकीचं कर्ज काढलं, यजमान जामीन राहिले. ती बाहेर पडली तेव्हा बांधकामं बंद पडली होती. हप्ते थकले, व्याज मुद्दलाच्या डोक्यावर चढून बसलं. यजमान गेले, कर्ज राहिलं. आज थोरलीने चाळिशी ओलांडली आहे आणि ती गाड्या उभ्या करायच्या इमारतींचे नकाशे काढते. चांगले काढते. हप्त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे. जेवताना विषय निघालाच तर कुणीतरी मीठ मागत असे.

धाकट्याला आम्ही गावातल्याच सरकारी कॉलेजात घातलं. तो विमा कंपनीत लागला. तीन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला, दोन कॉलेजांची पत्रं आली. तिला जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायचा होता. का, ते मी विचारलं नाही. मलाही कधी कुणी दातच का, असं विचारलं नव्हतं.

एक पत्र थोरलीच्याच कॉलेजाचं होतं. जाड कागद, वर सोनेरी शिक्का, आणि मधोमध ठळक अक्षरात "एकूण मदत" म्हणून एक घसघशीत आकडा. दुसरं एका लहानशा कॉलेजाचं. फी माफ, वसतिगृह माफ, कळावे.

"आई, आकडा बघ!" मुलगा म्हणाला. "हे जवळजवळ दुप्पट देतायत."

"बाबा, त्यातली शिष्यवृत्ती एवढीशीच आहे," नात म्हणाली. "आणि तीही पहिल्या वर्षापुरती. बाकीचं कर्ज आहे."

"मदत असं स्वच्छ लिहिलंय की."

"मदतीच्या रकान्यात लिहिलंय. फेडायचं मलाच आहे."

मुलाने चष्मा काढून पत्र डोळ्यांजवळ नेलं. जवळ नेल्यावरही ते कर्जच होतं.

नातीने मग कॉलेजला फोन लावला आणि शिष्यवृत्ती वाढवता येईल का, असं विचारलं. पलीकडच्या बाईंनी विचारलं की घरच्या परिस्थितीत काही बदल झालाय का, कुणाची नोकरी गेली, कुणी गंभीर आजारी? नात म्हणाली, सगळे ठणठणीत आहेत. मुलगा शेजारून कुजबुजला, "आजीचं सांग." मी तेव्हा त्यांच्यासमोर बसून जेवत होते. हे इथे नोंदवून ठेवते.

आठवड्याने उत्तर आलं. शिष्यवृत्ती थोडी वाढली होती. कर्जाची मर्यादा बरीच वाढली होती.

तेव्हा थोरलीला बोलावलं. मुलाला वाटत होतं, ती कॉलेजची बाजू घेईल. सुनेला वाटत होतं, ती रडेल आणि विषय संपेल. ती आली आणि दोन्ही पत्रं शांतपणे वाचली. शिक्का तोच आहे, म्हणाली.

"आत्या, पुन्हा निवडायचं असतं तर तिथेच गेली असतीस?" नातीने विचारलं.

"शिकवायचे फार छान. तसं कुणी पुन्हा शिकवलं नाही."

"बघ!" मुलगा म्हणाला.

"थांब जरा. मला शाळा बांधायच्या होत्या. दोन वेळा तसं काम चालूनही आलं. पगार कमी होता, हप्ता तेवढाच होता. दोन्ही वेळा नाही म्हटलं. कर्जाने मला उपाशी नाही ठेवलं गं. फक्त प्रत्येक नोकरी माझ्याआधी त्याने निवडली."

कुणीही मीठ मागितलं नाही.

नात लहान कॉलेजात गेली. मुलाने नावाजलेल्या कॉलेजाचं नाव छापलेला स्वेटर आधीच आणून ठेवला होता. तो परत घेतला गेला नाही; हल्ली घराला रंग देताना तो स्वतः घालतो. विहीणबाईंनी सगळ्यांना सांगितलं की पोरीला तिथे प्रवेशच मिळाला नाही. विहीणबाईंना या मृत्युपत्रान्वये काही नाही. त्यांची कवळी मी केली आहे, बिल मागितलेलं नाही, यापुढेही मागणार नाही.

सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. दुसऱ्या वर्षी नातीचे मुख्य शिक्षक सोडून गेले आणि त्यांची जागा वर्षभर रिकामी राहिली. प्रयोगांसाठी ती बस पकडून दुसऱ्या शहरात जात होती. मुलगा म्हणाला, "मी सांगत होतो." यंदा तिचं शेवटचं वर्ष आहे. डोक्यावर कर्ज नाही. नावाजलेल्या कॉलेजात काय झालं असतं हे कुणालाच माहीत नाही, मुलगा सोडून.

तर, माझी सर्व बचत थोरलीला, तिचं उरलेलं कर्ज फेडण्यासाठी, असं कलम मी गेल्या महिन्यात कच्चं लिहिलं. नात सुट्टीला आली होती. तिला वाचायला दिलं, कारण घरात कागद नीट वाचणारी ती एकटीच आहे.

तिने दोनदा वाचलं. "आजी, हे पैसे आत्याला मिळणार कधी?"

"मी गेल्यावर."

"आणि तू जाणार कधी?"

"तसा काही विचार नाही."

"मग तोवर व्याज कोण भरणार? हेही त्या पत्रासारखंच झालं. वर मदत लिहिलंय, आणि खाली बघावं तर अटी."

हा मुद्दा वकिलांच्याही लक्षात आला नव्हता. सोमवारी मी बँकेत गेले आणि बचतीतून थोरलीचं उरलेलं कर्ज फेडून खातं बंद करून आले. खिडकीवरच्या मुलीने अभिनंदन केलं आणि नवीन कर्ज हवंय का, असं विचारलं.

थोरली संध्याकाळी आली. पावती दोन्ही बाजूंनी वाचली.

"मला विचारायचंस तरी."

"नाही म्हणाली असतीस."

"हो." मग तिने माझे कप विसळले, पुसले आणि चुकीच्या फळीवर ठेवून गेली.

मुलाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "मला तर कुणी कर्ज काढूच दिलं नाही. ताईचं बघून तुम्ही घाबरलात, आणि मी कुठे जायचं ते ठरून गेलं." हे त्याचं म्हणणं मी इथे लिहून ठेवते, कारण ते खरं आहे आणि त्याच्या बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नाही. बचतीतलं जे थोडं उरलं आहे, त्यातून माझा शेवटचा खर्च भागवावा आणि शिल्लक त्याने घ्यावी. ती पुरेशी नाही, हे मला माहीत आहे.

थोरलीने नोकरी सोडलेली नाही. शाळाही बांधलेली नाही. काल तिचा फोन आला होता. म्हणाली, "आई, या महिन्यात पैसे उरलेत. लोक काय करतात अशा वेळी?"

विचारून सांगते, म्हटलं.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, वाचलं आणि मला मान्य आहे.

सही: कवळ्या बनवणारी
ठिकाण: मागची कामाची खोली
दिनांक: आजचा, वकिलांनी आकड्यात घालावा

साक्षीदार पहिले, दंतवैद्य: बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या.

साक्षीदार दुसऱ्या, खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्या बाई: माझ्यासमोरही केली. माझ्या मुलीला पुढच्या वर्षी कॉलेजांची पत्रं येतील. तेव्हा या बाईंची नात कुठे भेटेल, ते कुणीतरी मला लिहून द्यावं.