पाच किलो माती

२ सप्टेंबर

चि. ठमाबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आज पोस्टमननं दिलेलं पाकीट मी तीनदा उघडलं आणि तीनदा बंद केलं, पुन्हा उघडता यावं म्हणून. तुझी आजी म्हणाली, लग्नाआधी माझी पत्रंसुद्धा तुम्ही इतक्या प्रेमानं उघडली नसतील. शाळेला पन्नास वर्षं होताहेत आणि वीस डिसेंबरच्या समारंभाला मला पाहुणा म्हणून बोलावलंय! खाली सही तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंची. तुम्हा शिक्षकांना त्यांचा धाक वाटत असेल. मला त्या सहीतही माझ्या दुसरीच्या वर्गातली चष्मुल्लीच दिसते, घसरणारा चष्मा एका बोटानं वर ढकलणारी.

खरी बातमी पुढेच आहे. तुझ्या वर्गातली सव्वीस मुलं त्या दिवशी माझी कविता म्हणणार आहेत. तीच, व्हरांड्याच्या भिंतीवर मी स्वतः निळ्या रंगानं लिहिलेली:

बीज निजले मातीच्या कुशीत,
जाग आली तेव्हा होते खुशीत;
जेवढी माती खाईल झाड
तेवढे होईल उंच नि जाड!

चौतीस वर्षं मी मुलांना झाड शिकवलं ते या चार ओळींवर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. एवढ्या काळात मला कुणी काही विचारलं असेल तर गुडघा कसा आहे, एवढंच. माझं त्या शाळेत आता काय उरलंय? एक तू, आणि या चार ओळी. तेव्हा नीट बसवून घे हो. 'जाड' म्हणताना दोन्ही हात पसरायचे, आणि 'उंच'ला टाचा वर. फोन करू नकोस, मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुझा काका मध्येच बोलून खातो. पत्रच लिही.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
आजोबा


११ सप्टेंबर

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचताना तुमच्या टाचा वर झालेल्या दिसल्या मला. म्हणूनच पुढचं लिहायला आठ दिवस लागले. रागावू नका, निदान पत्र संपेपर्यंत तरी.

जूनमध्ये आम्ही वर्गात एक प्रयोग लावला होता. गच्चीवर माती वाळवली, चाळली, आणि दोन पारड्यांच्या तराजूवर बरोबर पाच किलो मोजून कुंडीत भरली. त्यात सूर्यफुलाचं बी. मुलांनी पाळीपाळीनं पाणी घातलं आणि झाड मुलांच्या डोक्यावरून गेलं. गेल्या आठवड्यात ते उपटलं. मुळांची माती रंगाच्या ब्रशनं झाडून काढली, सगळी माती पुन्हा चार दिवस वाळवली आणि तोलायला घेतली. आधी प्रत्येकाचा अंदाज विचारला. भिंतीवरची कविता सगळ्यांना पाठ, त्यामुळे कुणी म्हणालं दोन किलो उरेल, कुणी म्हणालं कुंडीचा तळच दिसेल.

आजोबा, काटा जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल. पाच किलोला एक छोटा चमचा कमी. आणि झाड भरलं साडेतीनशे ग्रॅम.

एकानं तराजूवर फितुरीचा आरोप केला, म्हणून पारडी बदलून तोललं. तेवढंच. मग पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी आहे, आम्ही तिला बोळकी म्हणतो, तिनं विचारलं की मग भिंतीवर खोटं का लिहिलंय. मी सांगितलं, ते माझ्या आजोबांनी लिहिलंय. तर म्हणते, त्यांनी वजन नव्हतं का केलं?

आता तालमीत पहिल्या दोन ओळी खणखणीत होतात आणि तिसरीला सव्वीस तोंडं मिटतात. मी डोळे वटारले तर म्हणतीलही. पण हातानं तोलून पाहिलेलं विसरा आणि हे म्हणा, असं मला सांगवत नाही. आणि तुमची कविता नको, असं बाईंना सांगायलाही जीभ रेटत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.

आजीला साष्टांग. माझ्यावरची माया कमी झाली असेल तर खोटं का होईना, तसं कळवू नका.

तुमची,
ठमा


१८ सप्टेंबर

चि. ठमास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी एरवी दोनदा वाचतो. हे एकदाच वाचलं.

सव्वीस मुलं, वय वर्षं सात, आणि शाळेच्या कपाटातला जुना तराजू. एवढ्या भांडवलावर तू माझी चौतीस वर्षं निकालात काढलीस, शाब्बास. झाड मातीत उभं राहतं, मातीवाचून मरतं, मग ते खातं तरी काय, वारा? कवितेत थोडं इकडचं तिकडं चालतं, हे तुला लहानपणी मांडीवर बसवून मीच सांगितलं होतं.

असो. मीही मास्तर होतो. काकाच्या सज्जात कुंडी आणली आहे. रोपवाटिकेतून कोरडी माती आणून घरच्या काट्यावर पाच किलो तोलली. सूर्यफूलच लावलं आहे, मागाहून तक्रार नको. माती घटली तर कविता ठरल्याप्रमाणे व्हायची. नाही घटली तर त्या वेळी बघू. तोवर तालीम पहिल्या दोन ओळींचीच घे.

आजी म्हणते, पत्र कोरडं झालंय, शेवटी गोड लिहा. गोड.

आजोबा


२२ नोव्हेंबर

चि. ठमाबाईस,
अनेक आशीर्वाद, आणि बस खाली.

दोन महिने मी त्या झाडाची जेवढी सेवा केली तेवढी तुझ्या बापाचीही केली नव्हती. रोज सकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचो. पानं सकाळी एका बाजूला, दुपारी दुसऱ्या. एवढ्या वर्षांत मी झाडावर इतकं लिहिलं, पण एकाच झाडाकडे दोन महिने असा पाहत कधी बसलो नव्हतो.

काल उपटलं. मुळं झाडली. कुंडीतली माती काट्यावर घातली. किती भरावी? पाच किलो आठशे! अगं, वाढली! झाड जेवून उठलं आणि ताटात आधीपेक्षा जास्त उरलं! आजी म्हणाली, तुमची कविता रोज ऐकून त्यानं अन्नच सोडलं असणार.

तेव्हा माझा न्याय असा. माझी कविता चुकली, तर तुझा प्रयोगही चुकला. फिटंफाट झाली, म्हणून मुलांना कविता म्हणू द्यावी. एवढं म्हाताऱ्याचं ऐक.

उत्तराची वाट बघत सज्जातच बसलो आहे.

तुझा,
आजोबा


२७ नोव्हेंबर

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं, 'एका मोठ्या विद्यार्थ्याचं' म्हणून. पाच किलो आठशे ऐकल्याबरोबर अख्खा वर्ग ओरडला: त्यांनी वाळवलीच नाही! आजोबा, लावताना माती कोरडी होती आणि काढताना ओली. ते जास्तीचे आठशे ग्रॅम तुम्हीच घातलेल्या पाण्याचे आहेत. बोळकीचा तुम्हाला निरोप आहे: वर्तमानपत्रावर पातळ पसरायची, ऊन दाखवायचं, चार दिवस धीर धरायचा आणि मध्ये मध्ये तोलायचं नाही.

तुम्ही रागानं विचारलं होतंत ना, झाड खातं काय, वारा? मुलांना मी तेच विचारलं. मग पानांवर पिशवी बांधून आत जमलेले थेंब पाहिले, एक रोप कपाटात ठेवून पिवळं पडताना पाहिलं. आता त्यांना एवढं कळलंय की झाडाच्या वजनात बरंचसं पाणी असतं, आणि बाकीचं अंग पानं उन्हाच्या जोरावर हवेतून घडवतात. मातीतून जातं ते चिमूटभर, पण तेही लागतंच. मुलं येता-जाता पानावर हळूच श्वास सोडतात आणि म्हणतात, घे, जेव.

एक गोष्ट लपवत नाही. बाईंनी तालीम पाहिली आणि म्हणाल्या, दुसरी म्हणणार नसेल तर चौथीकडून बसवून घेते, सरांची कविता व्हायलाच हवी. कार्यक्रमपत्रिका दहा डिसेंबरला छापायला जाते. तुमच्या शब्दावाचून मी त्यांना काहीही सांगणार नाही.

थंडीत मातीपाशी फार बसू नका. आणि मला दूर करू नका.

तुमची,
ठमा


४ डिसेंबर

श्रीमती मुख्याध्यापिकाबाई यांस,
सप्रेम आशीर्वाद.

हुद्द्यानं तुम्ही मोठ्या, पण माझ्या लेखी दुसरीतल्याच, म्हणून 'तुला' लिहितो. रागावू नकोस.

घरातली सगळी वर्तमानपत्रं सज्जात पसरून मी माती वाळवली. घरच्यांनी चार दिवस जगाच्या बातम्या मातीखाली वाचल्या. आज सकाळी तोलली. पाच किलोला दोन चमचे कमी. ते दोन चमचेही बहुधा वाऱ्यानं नेले, कारण सज्जा झाडताना सापडले नाहीत.

माझी कविता कार्यक्रमातून काढ. चौथीकडूनही म्हणवून घेऊ नकोस. या चार दिवसांत मी ती दुरुस्त करायलाही बसलो होतो. हवा घातली, ऊन घातलं, यमकंही जुळली. पण प्रत्येक नवी ओळ माझ्या नातीच्या वर्गाची उष्टी वाटली. तिनं माझी गय केली असती तर मला जास्त लागलं असतं, एवढं तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

कविता नाही तर माझं येण्याचंही कारण उरत नाही. गुडघा दुखतो, असं सभेत सांग. ते खोटं नाही.

तुझे,
जुने मास्तर


८ डिसेंबर

आदरणीय सरांस,
सादर प्रणाम.

तुमचं पत्र ऑफिसचं दार लावून वाचलं. कविता काढली. तुमचं नाव काढलेलं नाही आणि गुडघा मी ऐकून घेणार नाही.

कविता व्हावी म्हणून मी का हटून बसले होते ते कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. तुम्ही दुसरीला ती पहिल्यांदा शिकवलीत तेव्हा मी हात वर केला होता. पटांगणातल्या मोठ्या झाडाकडे बोट दाखवून विचारलं होतं की, सर, त्यानं एवढी माती खाल्ली तर त्याच्याखाली खड्डा का नाही? तुम्ही हसलात, प्रेमानंच हसलात, आणि म्हणालात, कवितेला असे चिमटे काढायचे नसतात, बस खाली. मी बसले. नंतर मी कुणालाच तो प्रश्न विचारला नाही, कारण तुम्ही मला फार आवडायचात. मोठी होऊन सगळं शिकले, तरी तुमच्या ओळी खऱ्याच ठेवल्या. माझ्या शाळेत दुसरीतल्या पोरी आता खाली बसत नाहीत, याचा मला आधी राग आला आणि मग स्वतःची लाज वाटली.

तेव्हा सर, यायचं. भाषण नको. तुमची खुर्ची मी व्यासपीठावर ठेवत नाही, दुसरीच्या वर्गात तराजूशेजारी ठेवते. माझ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे बाकी आहे.

आपली आज्ञाधारक (आजचा दिवस सोडून),
चष्मुल्ली


२३ डिसेंबर

चि. ठमाबाईस,
अनेक अनेक आशीर्वाद.

प्रवासात हाडं खिळखिळी झाली, पण घरी पोचल्यावर आजीला सगळं दोनदा सांगितलं. तू पाहुण्यांना चहा देण्यात गुंतली होतीस तेव्हाचं तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

बाई, बोळकी आणि मी मोठ्या झाडापाशी गेलो. मी बाईंना म्हटलं, विचार पुन्हा. एवढ्या मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका, पण बिचारीनं खरोखर हात वर केला. मी काठी टेकून वाकलो. खड्डा नव्हताच. उलट बुंध्याभोवतीची जमीन हातभर वर आली होती. मुळांनी ती उचलून धरली होती. मधल्या सुट्टीत मी त्याच झाडाला टेकून बसायचो, त्याच्यावरच तर लिहायचो. चौतीस वर्षं वर पाहत बसलो, ठमे, एकदाही खाली पाहिलं नाही. मी बाईंना म्हटलं, तुझा प्रश्न बरोबर होता, मी तुला बसवायला नको होतं. त्या चष्मा पुसत राहिल्या, पुष्कळ वेळ.

मग मी म्हटलं, आता भिंतीवरची कविताही पुसून टाका, उगाच मुलांची दिशाभूल. बाईंची मान हलायच्या आत बोळकीनं माझा सदरा ओढला. म्हणाली, पुसू नका ना. आम्ही पकडली चूक, पुढच्या वर्षी दुसरीत येतील त्यांनाही पकडू दे की!

तर ती राहणार आहे. पुढच्या जूनमध्ये तुझ्या नव्या वर्गापुढे पाच किलो माती ठेवशील तेव्हा आधी त्यांना व्हरांड्यात ने, आणि चारही ओळी मोठ्यानं म्हणायला लाव. 'जाड'ला हात पसरून.

बाकी क्षेम. तुझ्या मायेचा हिशेब मी मागत नाही, तेवढी पत्रं मात्र लांबलचक येऊ देत.

तुझा,
आजोबा