भारताच्या कपाटात

सोमवार, ४ ऑगस्ट

एकच जागा! सरांकडे यंदा पीएच.डी.ची एकच जागा आणि उमेदवार दोघी — मी आणि ती चांदवडची मेहविश. दोघींना विषयही एकच: अमेरिकेत पहिल्यांदा उतरलेले गोरे आणि तिथले मूळ लोक, त्यांच्यातले जमिनीचे करार. सर म्हणाले, "नेटवरून उतरवून आणू नका. नाशिकच्या ग्रंथालयांत बसून काय हाती लागतं ते दाखवा. तेरा तारखेला या." जिची पुस्तकं भारी, तिची जागा.

मेहविश नुसती मान डोलावत होती. हिच्याशी स्पर्धा करायची मी!

बुधवार, ६ ऑगस्ट

वाचनालयातलं अमेरिकेचं कपाट म्हणजे बडा घर पोकळ वासा. राष्ट्राध्यक्षांची चरित्रं, बी.ए.ची गाइडं आणि कुणाचं तरी प्रवासवर्णन, तेही तीन प्रतींत. त्यातूनच ओढूनताणून सात नावं काढली.

दुपारी मेहविश आली. एस.टी.त चेंगरून ओढणी चुरगळलेली, डबा काखेत. "ताई, तुम्हाला काही मिळालं? मूळ लोकांवर तर इथे काहीच नाही." रडायचीच बाकी होती. मी अगदी गंभीर चेहरा केला. म्हटलं, "अगं, रेड इंडियन ना ते? इंडियन! मग वरच्या मजल्यावर भारताच्या कपाटात बघ. आदिवासींच्या रांगेत."

आणि गेली की! "थँक्यू ताई" म्हणून गेली! भिल्ल, वारली, कातकरी — बस म्हणावं शोधत. मी जिन्यात उभी राहून पोट धरून हसले. रुमाल तोंडात कोंबला तरी आवरेना.

गुरुवार, ७ ऑगस्ट

आजही वरच!!

शनिवार, ९ ऑगस्ट

न राहवून आईला सांगितलं. आई म्हणाली, "असं वागू नये गं कुणाशी." आईला बोलायला काय जातं? भोळ्या माणसाला कुणी ना कुणी फसवणारच. मग मीच का नको? मला खूप बरं वाटलं आणि ते मी इथे तरी लपवणार नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट

मुद्दाम चहाला नेलं. "काय, सापडले का तुझे इंडियन?"

"सापडतायत ताई."

वेडी कुठली! टपरीवरच खो खो हसणार होते.

बुधवार, १३ ऑगस्ट

माझी सात पुस्तकं बघून सरांनी चष्मा काढून ठेवला. "हे तर बी.ए.चं पोरगंही आणेल."

मग मेहविशने पिशवी उघडली. जुन्या करारांचे छापील खंड, वसाहतवाल्यांची पत्रं, कज्जे, साक्षी... सर खुर्चीतून उठलेच! "ही नाशकात? कुठे होती?" तिथूनच वाचनालयात फोन लावला, स्पीकरवर. तिथला शिपाई नवनाथ म्हणाला, "मिशन बंगल्यातून पेट्या आल्या व्हत्या सर. पुस्तकांच्या पाठीवर इंडियन लिव्हलेलं व्हतं, मंग इंडियातच लावली. चित्रात आदिवासी दिसले, म्हून त्या रांगेत."

मी थट्टेत बोलले ते या गाढवाने कधीच करून ठेवलं होतं!

मेहविश म्हणाली, "सर, मला कुठलं माहीत? कपाट तेजस्विनीताईंनीच सांगितलं."

सर माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं? मग तू एकही कसं आणलं नाहीस?"

काय सांगणार? टिंगल केली म्हणू, की मूर्ख आहे म्हणू? तोंडातून निघालं, "मला वाटलं... तिला जास्त गरज आहे, सर."

"मोठं मन आहे हो तुझं," सर म्हणाले आणि जागा तिला दिली.

गुरुवार, १४ ऑगस्ट

मेहविश घरी पेढे घेऊन आली. आईसमोर नाही म्हणता येईना. मी पेढा तोंडात टाकल्यावर हळूच म्हणाली, "जिन्यातलं हसणं वर ऐकू येतं. त्याच दिवशी ऐकलं होतं मी. वर आलेच होते, म्हणून बघितलं. सरांसमोर तुझं नाव मात्र मुद्दाम घेतलं."

आजवर कायम मला 'तुम्ही' म्हणायची.