मोतीबाईचं वय सत्तावीस

वसमत,
रविवार, २४ ऑगस्ट २००३

तीर्थरूप शेषरावदादांच्या चरणी धुंडिराजाचा साष्टांग दंडवत. (गुडघा धरल्यामुळे आठांपैकी सातच अंगांनी घातला आहे; आठवं पोचलं असं समजून घ्यावं.)

तुमचा दमा कसा आहे? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेलच. आता त्यांना तुम्ही पूर्वीसारखेच दिसता की स्पष्ट दिसता? स्पष्ट दिसत असाल तर माझी सहानुभूती वहिनींना कळवावी. इकडे क्षेम आहे. हळद जोमात आहे, नववीची पोरं अजून ‘देव’ शब्द चालवताना तृतीयेला बसतात ती उठत नाहीत, आणि तुमची भगिनी, म्हणजे आमच्या सौ., आपल्या जागी खंबीर आहे.

पत्राला तीन महिने उशीर झाला याचं कारण मी सल्लागार झालो आहे. हसू नका. तुम्ही हसलात की खोकता. इथे हळदीच्या आडतीमागे एका खोलीत ‘मोफत सल्ला केंद्र’ निघालं आहे. लोकांना कागदपत्रं, अर्ज, योजना यांतलं काही कळेनासं झालं की बाजाराच्या दिवशी त्यांनी तिथे यायचं आणि आम्ही विनामूल्य वाट दाखवायची. शाळा सुटली की मी जातो. आयुष्यभर ज्यांनी सल्ला मागितला नाही त्यांना तो दिला, आता मागणाऱ्यांना देऊन पाहू, असा विचार होता. केंद्र चालवते ती निलम, वय पंचवीस, समाजकार्य शिकून आलेली. तिने मला दोन दिवस शिकवलं. (बत्तीस वर्षं फळ्याकडे पाठ करून उभा राहिलेला मनुष्य प्रथमच बाकावर बसला. बाक फार अरुंद करतात हो.) शिकवणीचं सार असं की, ‘हे करा’ म्हणायचं नाही, कोणत्या वाटा आहेत तेवढं सांगायचं, आणि एकाची गोष्ट दुसऱ्याला कळू द्यायची नाही, तो गावचा सरपंच असो की सख्खा भाऊ. त्यासाठी खोलीत एक फुलाफुलांचा पडदाही टांगला आहे.

पहिले दोन बाजार कोणी काही विचारलंच नाही. लोक यायचे, पंख्याखाली बसायचे आणि मलाच सल्ला देऊन जायचे. गुडघ्याला रुईचं पान बांधा, शाळेची नोकरी सोडू नका, इथे फुकट बसता तर घरचे काही म्हणत नाहीत का. तिसऱ्या बाजारी मात्र कुरुंद्यापलीकडच्या तांड्यावरची मोतीबाई आली. कपाळावर सुरकुत्यांचं रान, हातात कोपरापर्यंत बांगड्या, आणि ओच्यातून काढलेलं केशरी रेशन कार्ड. ते तिने माझ्यापुढे आपटलं. म्हाताऱ्या माणसांना सरकार पगार देतं, त्यासाठी ती कचेरीत गेली, तर तिथल्या माणसाने कार्ड बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा कार्ड बघितलं. कार्डावर मोतीबाईचं वय होतं सत्तावीस.

“गुरुजी, म्या सत्तावीस वर्साची हाय व्हय?” ती म्हणाली. “लेकच माजा एकतीसचा हाय. मंग त्याला कोनं जलम देला, त्याच्या बापानं?”

मी गंभीर राहिलो. (हे माझ्या सेवेतलं सर्वांत कठीण काम होतं.) मग ती पुढे वाकून हळूच म्हणाली की हा उद्योग सुनेचा आहे, सून सात बुकं शिकलेली आहे, आणि आपण इथे आलो हे तिला अजिबात कळता कामा नये. मी पडद्याची शपथ घेतली.

दादा, पुढच्या बाजारी एक तरणी बाई आली. पदर नीट, बोलणं त्याहून नीट. तिचं नाव मिना. तिच्या तांड्यावर अंगणवाडी निघाली होती, मदतनीस घ्यायची होती, अर्जाची मुदत आठ ऑगस्टपर्यंत. शाळेच्या दाखल्यावर तिचं वय बरोबर होतं, पण रेशन कार्डावर सहासष्ट लिहिलेलं. अर्ज घेणाऱ्यांनी सांगितलं की दोन कागद एकमेकांशी भांडत असतील तर अर्ज घेता येत नाही, आधी कार्ड दुरुस्त करून आणा. असं म्हणून तिने कार्ड काढलं. मी ते बघितलं आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला. तेच कार्ड! कोपऱ्यावर तोच हळदीचा बोटाचा ठसा. (ठसा माझाच होता.) सासू ते सुनेच्या नकळत आणत होती आणि सून सासूच्या पेटीतून चोरून आणत होती. मिनाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, तांड्याबाहेर न जाता करता येईल असं हे एकच काम आहे, ते हुकलं तर पुन्हा जन्मभर खुरपं. आणि दुसरी, हे सासूने केलेलं आहे, सून घराबाहेर पडू नये म्हणून, तेव्हा सासूला कळू देऊ नका.

माझी अवस्था तुम्हाला समजेल. समोर दोन कुलपं, दोन्हींची किल्ली एकच, ती माझ्या खिशात, आणि खिशावर निलमताईंचा हात. दोन वयं एकमेकांच्या जागी गेली की दोघींचं काम होणार होतं. पण हे मी एकीलाही सांगू शकत नव्हतो. निलमताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दोघींना वेगवेगळं विचारा, दुसरीला सांगायची परवानगी आहे का. विचारलं. मोतीबाई म्हणाली, जीव गेला तरी न्हाई. मिना म्हणाली, नाही गुरुजी, पायाखालची जमीन जाईल. मी घरी येऊन तीन दिवस जेवताना पानाकडे बघून हसत होतो, आणि तुमच्या भगिनीला कारण सांगत नव्हतो. (तिने वेडावर औषध देणाऱ्या कोंडाळकर वैद्यांचा पत्ता काढून ठेवला.)

शेवटी नियमातच वाट सापडली. कार्डात बदल करायचा तर कुटुंबप्रमुखाने येऊन शपथेवर सांगावं लागतं, आणि प्रमुख होता मोतीबाईचा लेक, म्हणजेच मिनाचा नवरा, रणजीत. तेवढं दोघींना सांगायला काही आडकाठी नव्हती. शाळेतून रजा काढून मी मोतीबाईला गुरुवारी, सात तारखेला, लेकाला घेऊन दहा वाजता बोलावलं आणि मिनाला नवऱ्याला घेऊन बारा वाजता. मधले दोन तास मी स्वतःच्या बुद्धीवर खूश होण्यासाठी राखून ठेवले होते. एकच गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. तांड्यावरून वसमतला सकाळी जीप एकच येते.

तर दहा वाजता जीप आडतीपुढे थांबली आणि तीतून मोतीबाई उतरली, मिना उतरली, रणजीत उतरला, तांड्याचे नायक प्रेमदास उतरले आणि त्यांच्यामागे आणखी अकरा माणसं उतरली. मी धावत जाऊन पडदा ओढला. जणू पूर्वी कधी पाहिलंच नाही अशा चेहऱ्याने मी मोतीबाईला आपलं काम काय, असं विचारलं. तेव्हा प्रेमदास नायकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“गुरुजी, काहून तकलीफ करून राहिलात? ह्या दोघी तुमच्याकडं येऊन राहिल्यात ते समद्या तांड्याला ठावं हाय. जोडीनं यीनात, दोगींची भांडनं हायेत. आमी म्हनलं, गुरुजी काय करतात बगू.”

म्हणजे दादा, पंधरा माणसांना जे माहीत होतं ते गुप्त ठेवणारा जगात मी एकटा होतो. आणि त्या दोघी? त्यांनाही माहीत होतं. पण ‘तुझं-माझं वय बदललंय, चल दोघी मिळून जाऊ’ हे पहिल्यांदा कोणी म्हणायचं, एवढंच अडलं होतं. मुदत संपायला एक दिवस होता आणि तोंडं दोन दिशांना.

मग नायकांनी खाटेवर बसावं तसं माझ्या खुर्चीवर बसून चौकशी मांडली, आणि ती अशी निघाली. कार्ड लिहिणारा मनुष्य तांड्यावर आला तेव्हा दोघी खुरपणीला गेलेल्या. घरातल्या बायांची नावं सांगा, असं त्याने रणजीतला विचारलं. समोर नायक बसलेले. थोरांपुढे बायकोचं नाव कसं घ्यायचं? रणजीत खाली बघून म्हणाला, नायक, तुमीच सांगा. नायकांनी जशी तोंडाला आली तशी सांगितली: मिना, मोतीबाई. पुढे वयं विचारली. वय सांगायला लाज नव्हती, ती रणजीतने सांगितली, आणि चांगल्या वळणाचा मुलगा म्हणून आईचं आधी: सहासष्ट, सत्तावीस. नावं एकाने लहानापासून सांगितली, वयं दुसऱ्याने मोठ्यापासून. लिहिणाऱ्याने ओळीने लिहून घेतली. कुणी खोटं बोललं नाही, कुणी चूक केली नाही, आणि सासू सुनेपेक्षा एकोणचाळीस वर्षांनी लहान झाली.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग दोघींनी मिळून रणजीतकडे बघितलं. त्या घरातली ती पहिली युती असावी.

आम्ही सगळे तहसील कचेरीत गेलो. पडद्याची आता गरज नव्हती. तरी मी सवयीने दाराशी आडवा उभा राहिलो. साहेब सज्जन होते. त्यांनी कागद वाचला आणि रणजीतला म्हणाले, ही शपथ आहे, तोंडाने सांगा. आईचं नाव? मोतीबाई. वय? सहासष्ट. पत्नीचं नाव?

रणजीतने कागदाकडे बोट केलं. साहेब म्हणाले, कागदाने शपथ घेतलेली नाही. रणजीतच्या कानशिलावरून घाम निघाला. मागे आई, शेजारी नायक, दारात अकरा माणसं आणि भिंतीवर घड्याळ. साहेबांना जेवायला जायचं होतं. मिना जमिनीकडे बघत होती. कार्ड आज झालं नाही तर उद्या अर्ज नव्हता, आणि नवऱ्याला ‘बोल’ म्हणायचं तिच्या तोंडी येत नव्हतं.

तेव्हा मोतीबाई पुढे आली. तिने पदर दोन्ही कानांवर दाबला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, “घे रं नाव. मला काय बी आयकू येत न्हाई. नायक, तुमी बी कान झाका.”

प्रेमदास नायकांनी पागोटं कानांवर ओढलं. दारातल्या अकरा जणांनी कानांवर हात ठेवले. मीही ठेवले. साहेबांनीही लेखणी ठेवून कानांवर ठेवायला हात उचलला होता, पण शपथ आपल्यालाच ऐकायची आहे याची त्यांना आठवण झाली.

“मिना,” रणजीत म्हणाला. “माजी बायकू मिना.” आणि एकदा बांध फुटल्यावर पुन्हा कोणी न विचारता म्हणाला, “मिना रणजीत राठोड, वय सत्तावीस.”

हात कानांवर ठेवून आम्हा सगळ्यांना ते अगदी स्वच्छ ऐकू आलं. मिनाने पदर तोंडापर्यंत ओढून घेतला, पण तो पदर हलत होता. तिच्याइतकं सुंदर हसणं मी बत्तीस वर्षांच्या शिक्षकी पेशात बघितलेलं नाही, आणि हेही मी बघितलेलं नाही, फक्त पदर बघितला.

कार्ड त्याच दिवशी दुरुस्त झालं. शुक्रवारी मिनाचा अर्ज गेला, आणि काल जीपवाल्याबरोबर निरोप आला की तिची निवड झाली, उद्यापासून ती अंगणवाडीत जाणार. मोतीबाईचाही अर्ज दिला आहे. सकाळी लेकरांना गोळा करून आणायचं काम तिने परस्पर स्वतःकडे घेतलं आहे, सुनेला शिकवायला माणूस पाहिजे म्हणून. दादा, मला काल झोप आली नाही. चोपन्नाव्या वर्षी एखाद्याला नवी नोकरी लागावी तसं झालं आहे, आणि लागली आहे दुसऱ्याला.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, तुमच्या दम्याला तूर्त विश्रांती चिंतून थांबतो.

आपला आज्ञांकित,
धुंडिराज

ता. क. एक बारीक काम आहे. वरची सगळी हकीकत मी तुमच्या भगिनीला रंगवून सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकली, मग उठून डब्यातून आमचं स्वतःचं कार्ड काढलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. त्यावर माझं वय चोपन्न आहे आणि तिचं एकसष्ट. ते मीच भरलं होतं. विचारणं बरं दिसेना, म्हणून अंदाजाने लिहिलं. (अंदाज कशावरून केला हे कृपा करून विचारू नये.) तेव्हापासून घरात बोलणं फक्त भाजीपुरतं आहे. तरी तिची खरी जन्मतारीख उलट टपाली कळवावी. पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवावं आणि गुप्तता पाळावी.

ता. क. दुसरा. दादा, हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं होतं. तारीख कळवू नका. मी याच घरात असते, त्यांना मला विचारता येईल. आणि विचारताना ‘अगं ऐकलंस का’ नको, नाव घेऊन विचारायचं. हवं तर मी कान झाकते.
— कुमुद