अकोल्याला गेलेली राणी

६ फेब्रुवारी
परसातल्या मधपेटीची आज वाटणी. अर्ध्या माश्या राणीसकट अकोल्याला, मनूच्या सासरी. पोटच्या लेकीने मागितल्यावर नाही कसं म्हणणार? उरलेल्या अर्ध्या इथे, बिनराणीच्या. पोळ्यात अंडी आहेत, त्यातून नवी करतील.
पेटी न्यायला विहीणबाई (वि.बा.) जातीने हजर. मनू त्यांना 'आई' म्हणते. मला 'अगं ऐक ना'.

११ फेब्रु.
माश्यांनी राणीसाठी लांबट घर बांधलं, शेंगदाण्याएवढं. बरं वाटलं.
मनूचा फोन. सातव्याची ओटी भरून झाली, आता मुलीने माहेरी यायचं. विचारलं तर म्हणाली, पाहू. वि.बा.नी बाळंतिणीच्या लाडवांना डिंक आणून ठेवलाय म्हणे. तळपायाची आग मस्तकात गेली. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे काय मी शिकवायचं त्यांना?

२७ फेब्रु.
नवी राणी मिलनासाठी उडाली ती परत नाही. तारेवर वेडा राघू बसतो मेला, त्यानेच टिपली असणार. पेटीत ताजं अंडं एकही नाही, म्हणजे दुसरी राणी होणं नाही. माश्या संपणार.
अंडी आहेत अकोल्याला. मी मागणार नाही. जीभ झडो.

२ मार्च
ह्यांनी चोरून फोन केलाच. वि.बा. सकाळच्या गाडीने आल्या, अंड्यांची चौकट शालीत गुंडाळून, मांडीवर धरून. मी त्यांच्या मागे दारात पाहिलं. कुणी नव्हतं.
"तुमच्याच रानीचे अंडे हायेत," म्हणाल्या. "माह्यं काई नाई त्याच्यात."
चौकट पेटीत लावली. चहा दिला. मग राहवलं नाही, त्यांच्याच बोलीत विचारलं.
"मनूले कधी धाडता?"
कप खाली ठेवला त्यांनी. "मी तं रोज म्हनतो, मायरी जाय. तेच नाई म्हन्ते."
कारण विचारलं नाही मी. त्यांनीही सांगितलं नाही. खोटं बोलत असत्या तर किती बरं झालं असतं.
जाताना पाया पडू लागल्या. पडू दिलं नाही. चौकट आणली म्हणून नव्हे, उगाच.

८ मार्च
चौकटीवर राणीचं घर दिसलं. मनूला फोटो पाठवला. तिने पाहिला. उत्तर आलं वि.बा.चं, 'छान'.
मागची खोली धुऊन घेतली. ह्यांना म्हटलं, माळ्यावरचा पाळणा काढा. शिडी लावून वर चढले, तेव्हा म्हटलं, राहू द्या.
शिडी अजून तिथेच आहे.