लग्नाले जाणारं मुसळ

माय, तुझं मुसळ आज पुन्हा काचेच्या पेटीत नाही, आणि याचा सगळा दोष मी तुलेच देऊन राहिलो. तू गेलीस, मग गोंदिया वेगळा जिल्हा झाला, मग मी रिटायर झालो आणि करडीच्या जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत हे संग्रहालय मांडून बसलो. नांगर, जातं, बैलांच्या खासराची चाकं गावानं दिली. तुझं मुसळ मी दिलं. आता घरोघरी मिक्सर आहे, पण लग्नाची हळद मुसळानंच कुटायची हा हट्ट कोणी सोडत नाही. मग येतात माझ्याकडे. नुसतं ठेवलंच तर आहे म्हणतात, दोन दिवस नेतो. अरे, ठेवण्यासाठीच तर ठेवलं! 'हात लावू नये' या पाटीखाली उभे राहून मागतात. वीट आला मले. त्याची चीर वाढून राहिली. तुझा एक फोटो नाही माझ्याकडे. तुझी मूठ बसायची तिथं लाकूड झिजलं आहे, तेवढीच तू उरलीस.

ही सवय गावाले तूच लावली. मी सातवीत असताना शेजारच्या लग्नातून मुसळ चिरून आलं, म्हणून पुढच्या खेपेले मी ते धानाच्या तणसात लपवलं. तू चुलीपुढून उठतेस, पदराले हात पुसतेस आणि म्हणतेस, "मुसळ का कोंबडी आहे, डालून ठेवायले? जा, तूच देऊन ये." मी ते खांद्यावर घेऊन निघतो आणि सारी गल्ली हसते. मोठा झालो की कोणाले देणार नाही, हे तेव्हाच ठरवलं होतं.

आज भंडाऱ्याहून साहेब पाहणीले आले आणि नेमके रिकाम्या पेटीपुढं थांबले. मी म्हटलं, दुरुस्तीले गेलं. या वयात खोटं बोललो. ते गेल्यावर मुसळ परत आणायलेच तणतणत आंधळगावच्या मांडवात गेलो. तिथं नवरीची आजी, तुझ्यासोबत धानाच्या रोवण्याले जायची ती, घरच्या नव्या सुनेचा हात धरून झिजल्या जागेवर ठेवत होती. "इथं धर. इथं तिची मूठ बसे."

मी चहा पिऊन रिकाम्या हातानं परत आलो. हे पत्र टाकायले पत्ता नाही, म्हणून सांगतो: मुसळ त्यांनी नेलं नव्हतं. काल मीच खांद्यावर घेऊन देऊन आलो.